बाडातले अभंग आणि बाडातली सुंठ

इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत (१८३७–१९०१) मध्यमवर्गीय घरांतून हाताने लिहिलेल्या पाककृतींच्या वह्या असत. केकच्या कृतीला लागूनच खोकल्याचे मिश्रण, त्याखाली चांदीची भांडी उजळण्याची युक्ती, असा त्यांचा मजकूर. इझाबेला बीटनबाईंचे गृहव्यवस्थेवरील जाडजूड पुस्तक १८६१ साली निघाले, तरी या वह्या लिहिणे थांबले नाही. तिकडे आता त्यांचा अभ्यास स्त्रियांचे लेखन म्हणून होतो. आपल्याकडे याच जातीचा ऐवज 'बाड' या नावाखाली पडून आहे आणि मराठीच्या वर्गात त्याचे नावही निघत नाही, हे आम्हांस खटकते.

बाड ही घरगुती हस्तलिखित वही. आरत्या, अभंग, देण्याघेण्याची टाचणे, विंचवावरचा मंत्र आणि अजीर्णावरचे चूर्ण तिच्यात शेजारीशेजारी नांदतात. आपण साहित्याचे लोक तिच्यातून अभंग तेवढा उचलतो. इतिहासाचे लोक टाचणे उचलतात. चूर्ण कोणाचेच नसते.

आम्हां खानदेशकरांना तर ही उपेक्षा अधिक लागावी. हस्तलिखितांच्या शोधाची मोठी परंपरा आमच्या धुळ्यास आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी बाडे जमविली ती येथेच. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' १८९८ पासून प्रसिद्ध करणारे राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच निवर्तले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथेच उभे राहिले. मठातील आणि वाड्यांतील कागद अशा रीतीने वाचले. माजघरातील कागदाला मात्र राजवाडे भेटला नाही. आमच्या दीपनगरसारख्या वीजकेंद्राच्या वसाहतीत तर बदलीचा हुकूम आला की सामान आवरताना रद्दीत प्रथम जाते ते असलेच जुने बाड. मोडी कोणास लागत नाही, मग सांभाळायचे कशासाठी?

पाकशास्त्र लिहून ठेवण्याची रीत आपल्याकडे इंग्रजांमुळे आली, असे मात्र कोणी समजू नये. रघुनाथ गणेश नवहस्त यांचे संस्कृत 'भोजनकुतूहल' सतराव्या शतकातले आहे आणि त्यात अन्न व आरोग्य यांचा विचार एकत्रच आहे. तंजावरास दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७९८–१८३२) मुदपाकखान्यातील कृती मराठीत लिहिल्या गेल्या. पुढे १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' छापून निघाले आणि १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया'. या दोन सालांमध्ये जे घडले ते महत्त्वाचे आहे. स्वयंपाकाच्या ग्रंथावर स्त्रीचे नाव येण्यास तेवढा अवधी लागला.

बाडावर बहुधा नावच नसते. तेव्हा हात कोणाचा, हे अक्षरावरून ओळखावे लागते. व्यवहाराची लिपी मोडी होती आणि ती पुरुषांच्या हातची होती. शाळेत चार इयत्ता शिकलेली मुलगी लिहू लागली ती प्रायः बाळबोधीत. मोडी पानांनंतर एकाएकी थबकत लिहिलेली बाळबोध अक्षरे आली, तर तेथे घरातील सून लिहू लागली असावी, असा तर्क करता येतो. तर्कच, पण तो करून पाहण्याजोगा आहे.

या वह्यांच्या भाषेकडे तर विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. घ्यावी, कुटावी, वस्त्रगाळ करावी, काढा अष्टमांश उरवावा, अनुपान मधाचे: सारी वाक्ये विध्यर्थी आणि कर्ता कोठेच नाही. औषधाचे माप नेमके असते, कारण तेथे चूक जिवावर बेतते. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. अन्नाचे माप मात्र मूठ, पसा, चिमूट. डिंकाच्या लाडवांपाशी ही दोन मापे एकत्र येतात, कारण बाळंतिणीचा लाडू हे अन्नही आणि औषधही. अशा बाडाची प्रत करताना तोळ्याचे ग्रॅम करण्याचा मोह टाळावा. शेर तर गावागणिक बदलत असे, आणि तो बदल हीसुद्धा माहितीच आहे.

या साऱ्याकडे 'आजीबाईचा बटवा' म्हणून गहिवरून पाहणे आम्हांस मान्य नाही. कामावर जाणारी आई तान्ह्याला अफू चाटवीत असे, तोही याच बटव्यातला उपाय. इंग्लंडात तेव्हा मुलांना निजविण्यासाठी गॉडफ्रेचे कॉर्डियल सर्रास पाजीत, त्यातही अफूच असे. बिब्ब्याने पोळलेली कातडीही याच परंपरेची.

आणखी एक अडचण आहे, ती मोठी आहे. बाड लिहिले जाई ते लिहिणाऱ्यांच्या घरी. कुळकर्ण्यांच्या, देशपांड्यांच्या, शास्त्रीबुवांच्या. केवळ बाडांवर विसंबून खानदेशच्या स्वयंपाकघराचा इतिहास लिहिला तर त्यात कळण्याची भाकरी कितपत येईल, आणि खापरावरचे मांडे भाजणाऱ्या हातांचे काय उरेल? जळगावजवळच्या आसोद्यास १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांचे शब्द सोपानदेवांनी व पितांबर चौधरींनी कागदावर उतरवून घेतले, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघू शकले. ओव्या उतरवून घेणारे कोणी भेटले. त्याच पिढीतील बायांच्या काढ्यांना आणि भाज्यांना तसे कोणी भेटले नाही.

बाळघुटीचेच पाहा. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ ही नावे कागदावर येतात, परंतु मात्रा मोजली जाते ती सहाणेवर उगाळण्याच्या वेढ्यांनी. बाळ किती महिन्यांचे, त्याचे पोट कसे आहे, हे पाहून कशाचा एक वेढा आणि कशाचे दोन ते ठरते. ते ठरविणारी बाई वही उघडत नाही. अशा घरांत अजून ऐंशी-नव्वदीच्या आजी आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनी मोडीचा वर्ग जरूर करावा. पण त्याआधी त्यांच्यापाशी सहाण घेऊन बसावे.