वांगाचे उपचार : नांदेड-लातूरच्या मुलखातून

गालांच्या उंचवट्यांवर, कपाळावर आणि वरच्या ओठाच्या वर तपकिरी-काळसर छटेचे जे डाग उठतात, जे दुखत नाहीत आणि खाजतही नाहीत, परंतु एकदा उठले की बहुधा वर्षानुवर्षे हटत नाहीत, त्यांना आपल्याकडे वांग म्हणतात. वांगाने कोणाच्या प्राणाला कधी अपाय केल्याचे ऐकिवात नाही. तरीही ज्या स्त्रीच्या मुखावर तो येतो तिला चारचौघींत वावरणे जड होते, आणि त्यामुळेच त्याच्या उपचाराची परंपरा आपल्या वैद्यकाइतकीच जुनी आहे.

सुश्रुताने या विकाराला व्यंग असे नाव देऊन त्याची कारणे सांगताना क्रोध आणि आयास म्हणजे श्रम या दोहोंचा निर्देश केला, आणि त्यांनी प्रकुपित झालेला वायू पित्तासह मुखापर्यंत पोचून तेथे श्यामवर्ण मंडल उत्पन्न करतो, अशी उपपत्ती मांडली. त्यातील आयास हे कारण मला विशेष मोलाचे वाटते. कापसाच्या, तुरीच्या आणि ज्वारीच्या रानांत खुरपणी, वेचणी, काढणी करीत सकाळपासून दिवस कलेपर्यंत उन्हात वाकून राहणाऱ्या स्त्रिया ज्या मुलखात पिढ्यानपिढ्या राबल्या, तेथे हे निदान वस्तुस्थितीच्या फार जवळ जाणारे आहे. सूर्यप्रकाश, गर्भारपणातील अंतःस्रावांचे बदल आणि आनुवंशिकता ही आजच्या वैद्यकाने मानलेली प्रमुख कारणे होत. त्यांपैकी पहिले तर या स्त्रियांच्या रोजच्या कामातच होते. चिकित्सेत सुश्रुताने प्रथम कपाळाच्या शिरेतून रक्तमोक्षण सांगितले, आणि नंतर वडा-पिंपळासारख्या चिकाळ वृक्षांच्या साली दुधात वाटून, किंवा बला, अतिबला, ज्येष्ठमध व हळद यांचा लेप करण्याची आज्ञा केली.

तेराव्या शतकात, हा सारा प्रदेश देवगिरीच्या यादवांच्या अंमलाखाली असताना, श्रीकरणाधिप हेमाद्रीने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. ज्या ग्रंथात वांगावरील केशरयुक्त कुंकुमादि तेलाचा पाठ आहे, त्याच ग्रंथाचे हे भाष्य याच राज्याच्या दप्तरखान्याचा धनी लिहितो, ही गोष्ट मराठवाड्याने अभिमानाने स्मरावी अशी आहे. अर्थात केशर ही श्रीमंतांची वस्तू. सामान्यांच्या घरी जो योग पोचला तो रक्तचंदन, मंजिष्ठा, कोष्ठ, लोध्र, गव्हला, वडाचे कोवळे अंकुर आणि मसूर यांचा; आणि त्यातही वडाचे अंकुर व मसूर यांना दाम पडत नसे.

याहून सोपा उपाय जायफळाचा. देवघरातली नव्हे, औषधांसाठी निराळी ठेवलेली सहाण धुऊन तिच्यावर चमचाभर निरसे दूध घालावे, जायफळ चिमटीत धरून एकाच दिशेने उगाळावे, दुधाला बदामी रंग आणि उग्र मधुर गंध येऊ लागला की ते अनामिकेने नेमके डागावर लावावे, आणि वाळून त्वचा ताणू लागली की कोमट पाण्याने अलगद धुवावे. चोळू मात्र नये, अशी वृद्ध स्त्रियांची सक्त ताकीद असे.

या लेपाला जे यश लाभले त्याचे सारे श्रेय जायफळाला देणे मला न्याय्य वाटत नाही. गर्भारपणात उठलेला वांग प्रसूतीनंतर काही महिन्यांत पुष्कळदा आपोआप फिका पडतो. शिवाय बाळंतीण सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत, उन्हापासून दूर असे. लेप लागत होता आणि ऊन लागत नव्हते. औषधाचे मुख्य काम, माझ्या मते, सावलीने केले. म्हणूनच जी कुणबीण किंवा मजुरीण पंधरवड्यात पोर पाठीशी बांधून पुन्हा रानात गेली, तिच्या गालावर तोच लेप तितका गुणकारी ठरला नसावा. सावली ही या रोगाची पहिली मात्रा होती, आणि ती सर्वांना सारखी मिळत नव्हती.

निजामाच्या राजवटीत हकिमांच्या तिब्बी विद्येने याच डागांना कलफ म्हटले, सौदा या दोषाकडे त्याचे मूळ दाखविले आणि आधी शरीरशुद्धी, मग लेप असा क्रम ठेवला. गावोगाव हिंडणारे वैदू तुंबडी लावून रक्त काढीत. सुश्रुताच्या शिरावेधाचे ते गरिबाघरचे रूप म्हणावे लागेल. मंजिष्ठा, लोध्र हे जिन्नस अत्ताराच्या दुकानी मिळत. 1917 साली वसलेल्या, सोळा रस्ते जिला येऊन मिळतात अशा लातूरच्या गंजगोलाईभोवती बाजार वाढला, आणि बार्शी लाइट रेल्वे 1911 साली लातुरास पोचलेली असल्यामुळे मुंबईच्या मालाची वाट मोकळी झाली.

त्या मालात पुढे चेहऱ्याला लावायची क्रीमे आली. मुंबईत 1919 साली निघालेल्या अफगाण स्नोने सौंदर्यप्रसाधनांचे युग उघडले, आणि 1975 साली फेअर अँड लव्हली बाजारात येताच डाग घालविण्याची इच्छा व गोरे होण्याची इच्छा एकाच डबीत कोंबली गेली. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत क्लिगमन व विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांचे मिश्रण वांगावर प्रसिद्ध केले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठराविक मुदतीपुरते ते उपयुक्त औषध आहे. परंतु त्याच धर्तीच्या, अधिक तीव्र स्टेरॉइडच्या नळ्या आपल्याकडे चिठ्ठीवाचून विकल्या जाऊ लागल्या आणि गोरेपणाच्या आशेने महिनोन्‌महिने चेहऱ्यास फासल्या गेल्या. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरांचे जाळे दिसू लागते, पुरळ उठते, लव वाढते, आणि मलम थांबविताच आग होऊन डाग पूर्वीपेक्षा गडद होऊन परततो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेस स्वतंत्र नाव दिले, शासनाकडे पाठपुरावा केला, आणि मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याचा हुकूम काढला. हुकूम निघाला, दुकानांच्या फळ्यांवरील नळ्या मात्र सर्वत्र हटल्या नाहीत.

नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ज्या भगिनींच्या चेहऱ्यावर वांग आहे त्यांनी शेजारणीने सुचविलेली नळी आणण्यापूर्वी तेथील त्वचारोग विभागात एकदा दाखवावे, घरी अशी एखादी नळी चालू असल्यास ती एकाएकी न थांबविता आधी तेथे नेऊन दाखवावी. आणि ज्यांच्या शेतांत स्त्रिया खुरपतात त्या मालकांनी भर दुपारचे दोन-तीन तास त्यांना झाडाखाली बसू द्यावे.