आयरिश बंदी आणि मुक्ततेचा दाखला : ऑस्ट्रेलियातील हद्दपारीचा एक अभ्यास (१७९१ ते १८६८)

प्रस्तावना :

ब्रिटिश शासनाने १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे १,६२,००० स्त्री-पुरुष बंदी ऑस्ट्रेलियातील वसाहतींमध्ये पाठविले. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश बंदी थेट आयर्लंडमधून आले होते. इतिहासलेखनात या आयरिश बंद्यांचे चित्र बहुधा दोन टोकांचे आढळते. वसाहतीच्या अधिकाऱ्यांना ते उपद्रवी गुन्हेगार वाटले, तर राष्ट्रवादी परंपरेने त्यांना हुतात्म्यांच्या रांगेत बसविले. वस्तुतः राजकीय बंदी अल्पसंख्य होते. मेंढी, गाय किंवा कपडे चोरल्याबद्दल शिक्षा झालेले गरीब लोक त्यांत बहुसंख्य होते. या सर्वांना समान असलेली एक बाब मात्र दुर्लक्षित राहते, ती म्हणजे त्यांचे स्वातंत्र्य एका सरकारी कागदावर अवलंबून होते. प्रस्तुत निबंधात या कागदाच्या अंगाने त्यांच्या जीवनाचा विचार केला आहे.

१. कागदाविना आलेले बंदी :

आयर्लंडमधून थेट बंदी घेऊन आलेले पहिले जहाज ‘क्वीन’ हे होय. ते कॉर्क येथून निघून सप्टेंबर १७९१ मध्ये सिडनीला पोहोचले. बंदी आले, परंतु त्यांच्या शिक्षेच्या मुदतीची कागदपत्रे आयर्लंडमध्येच राहिली. परिणामी सात वर्षांची मुदत संपल्याचे सांगणाऱ्या बंद्याजवळ त्याचा पुरावा नव्हता आणि शासनाजवळही ते खोडून काढण्याचे साधन नव्हते. अशा वेळी संशयाचा फायदा शासन स्वतःकडेच घेई आणि बंदी कामावरच राही. १७९५ ते १८०० या काळात गव्हर्नर असलेल्या जॉन हंटर यांनीही आयर्लंडमधून येणाऱ्या बंद्यांच्या अपुऱ्या नोंदींबद्दल लंडनकडे तक्रार केली होती.

या जहाजातील काही बंद्यांनी आल्यानंतर दोनच महिन्यांत, नोव्हेंबर १७९१ मध्ये, पॅरामाटा येथून पलायन केले. वीस पुरुष आणि एक गर्भवती स्त्री असा हा गट उत्तरेला नदीपलीकडे चीन आहे या समजुतीने पायी निघाला होता. वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने हा प्रसंग नोंदविला असून पुढे तो आयरिश अडाणीपणाचा दाखला म्हणून वारंवार सांगितला गेला. आपण पृथ्वीवर कोठे आहोत हे ज्यांना कोणी सांगितलेच नव्हते, त्यांच्या निराशेची ती नोंद आहे, असाही तिचा अर्थ लावता येतो.

२. १८०४ चे बंड :

१७९८ च्या आयरिश उठावानंतर आलेल्या बंद्यांपैकी काहींना रीतसर खटल्याविनाच पाठविण्यात आले होते. ४ मार्च १८०४ च्या रात्री कॅसल हिल येथील सरकारी शेतावर फिलिप कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली दोनशेहून अधिक बंद्यांनी उठाव केला. दुसऱ्या दिवशी मेजर जॉर्ज जॉन्स्टन यांनी बोलणी चालू असतानाच नेत्यांना पकडले आणि बंड मोडून काढले. कनिंगहॅमसह नऊ जणांना फाशी देण्यात आली. फादर जेम्स डिक्सन या बंदी धर्मगुरूंना १८०३ मध्ये मिळालेली कॅथलिक उपासनेची परवानगीही बंडानंतर काढून घेण्यात आली. म्हणजे शिक्षेची झळ बंडात सहभागी नसलेल्यांनाही पोहोचली.

३. तिकिटापासून दाखल्यापर्यंत :

१८०१ मध्ये गव्हर्नर किंग यांनी ‘तिकीट ऑफ लीव्ह’ ही पद्धत सुरू केली. तिकीटधारकास नेमून दिलेल्या जिल्ह्यात राहून स्वतःसाठी कमावण्याची मुभा असे. १८२० च्या दशकातील नियमांनुसार सात वर्षांची शिक्षा झालेल्यास चार, चौदा वर्षांच्या शिक्षेस सहा आणि जन्मठेपेस आठ वर्षांच्या चांगल्या वर्तनानंतर तिकीट मिळू शके. मुदत पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या मुक्ततेच्या दाखल्यावर नाव, जहाज, जन्मस्थान, उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग नोंदलेला असे. मुक्त मनुष्यालाही आपले मुक्तपण खिशात बाळगावे लागे. अंदमानात १८५८ नंतर ब्रिटिशांनी राबविलेल्या काळ्या पाण्याच्या व्यवस्थेतही तिकिटाची हीच पद्धत आढळते.

मुक्त झालेल्या बंद्यांना प्रारंभीच्या काळात जमीनही मिळे. अविवाहितास तीस एकर, पत्नी असल्यास आणखी वीस आणि प्रत्येक मुलामागे दहा एकर असे प्रमाण ठरले होते. आयर्लंडमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाच्या दृष्टीने हे अकल्पित होते. परंतु पॅरामाटा परिसरातील ही जमीन डारुग या मूळ रहिवाशांची होती. त्यांच्याजवळ मालकीचा कागद नव्हता आणि शासनाने तो मागितलाही नाही. कागदाअभावी अन्याय सोसलेला बंदी दुसऱ्याच्या कागदहीनतेचा लाभार्थी ठरला, ही या इतिहासाची अवघड बाजू होय.

४. मागे राहिलेली कुटुंबे आणि जळलेले दप्तर :

हद्दपारीची शिक्षा एकट्याची नसे. पतीकडे जाण्यासाठी विनामूल्य प्रवास मिळावा म्हणून आयरिश स्त्रियांनी शासनाकडे केलेले अर्ज उपलब्ध आहेत. स्वतः शिक्षा झालेल्या स्त्रियांना १८३६ पासून डब्लिनमधील ग्रँजगॉर्मन येथे ठेवून नंतर जहाजावर चढविले जाई. काहींची लहान मुलेही सोबत असत.

१९२२ मध्ये आयर्लंडच्या यादवी युद्धात डब्लिनमधील सार्वजनिक दप्तरखाना जळाला आणि १८३६ पूर्वीच्या हद्दपारीच्या नोंदवह्या नष्ट झाल्या. बंद्यांनी व त्यांच्या नातलगांनी केलेले दयेचे अर्ज मात्र अन्यत्र ठेवलेले असल्याने बचावले. हे अर्ज पुष्कळदा दुसऱ्याने लिहून दिलेले आणि ठरीव भाषेतील आहेत, त्यामुळे ते जपून वापरावे लागतात. तरीही मुले किती, आई किती वृद्ध, घरी कमावणारे कोण, हे त्यांतून कळते. नोंदवहीच्या रकान्यांत याला जागा नव्हती.

निष्कर्ष :

आयरिश बंद्यांना केवळ गुन्हेगार किंवा केवळ देशभक्त मानल्याने त्यांच्यातील बहुसंख्यांचे जीवन समजत नाही. शासनाच्या कागदाने त्यांना बांधले, कागदाच्या अभावाने अडकवून ठेवले आणि कागदानेच मुक्त केले. आज त्यांची ओळखही त्याच कागदांतून होते. म्हणून ज्यांची नोंद झाली नाही त्यांचाही विचार करणे हे या विषयाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.