एका वर्षाचं एमबीए: कुणासाठी?

मैत्रिणींनो, बारामती-इंदापूरच्या बचत गटांत आया आम्हाला विचारतात, "एमबीए एका वर्षात होतंय म्हणे. लेकीसाठी कर्ज काढू का?"

जरा मागे जाऊ. १९०८ साली अमेरिकेत हार्वर्डने एमबीए सुरू केलं, ते दोन वर्षांचं. मधल्या सुट्टीत मुलं कंपनीत काम शिकतात. एका वर्षाचे अभ्यासक्रम हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसने २००१ मध्ये आणि अहमदाबादच्या आयआयएमने २००६ मध्ये सुरू केले, ते आधी नोकरी केलेल्यांसाठी. त्यांच्या गाठीला अनुभव असतो, म्हणून वर्ष वाचतं.

लेक चार वर्षं नोकरी करून आली असेल, तर जरूर विचार करा. नुकतीच बी.कॉम. झाली असेल, तर वाचलेलं वर्ष नोकरी शोधण्यात जाऊ शकतं. आणि पदवी मिळणार की नुसतं प्रमाणपत्र, हे फी भरण्याआधी लेखी घ्या.