विंचू, गार हातपाय आणि शॉक

‘शॉक बसला’ म्हटले की मराठी माणसाला वीज आठवते, नाहीतर वाईट बातमी. वैद्यकातला शॉक निराळा. पेशींना पुरेसे रक्त, म्हणजे पर्यायाने प्राणवायू, न पोहोचणे म्हणजे शॉक. तो चार वाटांनी येतो. रक्तस्रावाने किंवा पटकीच्या जुलाबांनी रक्तवाहिन्यांतला द्रव आटतो; हृदयाचा जोर सरतो; जंतुसंसर्गात किंवा तीव्र ॲलर्जीत रक्तवाहिन्या सैल पडतात; अथवा फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली मोठी गुठळी रक्ताची वाटच अडवते. आधी शरीर सावरून घेते. नाडी धावते, कातडीकडचे रक्त हृदय-मेंदूकडे वळते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. रक्तदाब मात्र ठीक दिसतो, म्हणून हा टप्पा फसवा. पुढे रक्तदाब कोसळतो, शुद्ध हरपते आणि अखेरीस अवयव निकामी होऊन उपचार निरुपयोगी ठरतात.

जखमेनंतरच्या शॉकचे मूळ रक्त आणि द्रव गमावण्यात आहे, हे अमेरिकन शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी 1930 मध्ये प्रयोगांनी दाखवले. दुसऱ्या महायुद्धात आघाड्यांवर जखमींना प्लाझ्मा आणि रक्त चढवले जात होते. शॉक म्हणजे द्रव भरा, असे समीकरण रूढ झाले.

कोकणातल्या लाल विंचवाने ते खोटे पाडले. 1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेले रुग्ण यायचे ते घामाने चिंब, ओकाऱ्या होत असलेले, हातपाय बर्फासारखे गार. काही तासांत धाप लागायची, तोंडाला गुलाबी फेस यायचा. नुसती नांगीच्या जागी असह्य कळ असेल, तर जिवाचा धोका बहुधा नसे. बावस्करांनी खाटेशेजारी बसून केलेली निरीक्षणे 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली.

विष मज्जातंतूंना बेभान करते आणि रक्तात ॲड्रेनॅलिनसारखी रसायने उसळतात. रक्तवाहिन्या आवळतात, आधी रक्तदाब चढतो, त्या ओझ्याखाली हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. इथे द्रव कमी नसतो, पंप हरलेला असतो. अशा रुग्णाला सलाईन भराभर चढवणे म्हणजे बुडत्याच्या तोंडात पाणी ओतणे. आवळलेल्या वाहिन्या सोडवण्यासाठी बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरली. तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाणारा मृत्युदर एक टक्क्याच्या आसपास आला. हृदयापासून येणाऱ्या शॉकचा हा धडा मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागाने नव्हे, तर तालुक्याच्या दवाखान्याने दिला.

प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्याने फायदा होतो का, हा प्रश्न मागाहून सुटला. महाडच्या 70 रुग्णांवरील चाचणी 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत बरे झाले. नुसते प्राझोसिन घेतलेल्या 35 पैकी 8.