पालखीची वाट

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. म्हणजे आम्ही देऊळगावकर जन्मापासून अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पाठीवर बसलेले. पण हे कोणाला जाणवत नाही, कारण चहूकडं सपाट काळं रान. उंची अंगाला लागते ती काठावर. बुलढाण्याहून मलकापूरकडं जाताना राजूर घाटात एसटी वळणं घ्यायला लागली की माझी माय पदर डोळ्यांवर ओढून विचारायची, "सरला का रे घाट?"

धाब्यावर वाळवण घालायला ती कधी शिडी चढली नाही. विहिरीवर पाणी शेंदताना काठापासून हातभर मागं उभी राहायची. तिचं हे भ्यावं माझ्या वाट्याला आलं. आश्विनात बालाजी महाराजांच्या यात्रेत पोरं पाळण्यात बसायची, तेव्हा मी खाली त्यांच्या चपला सांभाळायचो.

दर 12 जानेवारीला मात्र आम्ही सिंदखेड राजाला जायचो, जिजाऊंच्या जन्मदिवसाला. लखुजी जाधवांच्या वाड्यातली जन्माची जागा पाहून माय हात जोडायची आणि दरवेळी तेच म्हणायची, "हिथली लेक कुठं कुठं राह्यली, ते एकदा पाहावं वाटते. पण आपल्याच्यानं व्हतं का ते?"

आता नकाशा पाहिला तर सिंदखेडच्या या लेकीचं सगळं आयुष्य डोंगरांवर गेलेलं. शिवनेरी, राजगड, रायगड. मायची हौस मोठी आणि भीती तिच्याहून मोठी. मी ठरवलं, आधी आपण जाऊन पाहू.

मित्रांबरोबर राजगडाला गेलो. गुंजवण्याच्या बाजूनं चढलो. झाडी होती तोवर ठीक होतं. चोर दरवाजाच्या खाली कातळ लागला. हाताला लोखंडी कठडा, पण पाठीमागं मोकळं आभाळ. माझे पाय लटलट कापायला लागले. वर जाता येईना, खाली पाहता येईना. मित्र वरून ओरडत होते, "काही होत नाही, ये!" ज्याला काही होत नाही त्यानंच हे म्हणावं. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हात धरून मला खाली आणलं. पाणी पाजलं आणि म्हणाले, "तुम्ही पाली दरवाज्यानं यायचं व्हतं. ती पालखीची वाट. ही चोराची. चोराची वाट सोपी कशी असंल?"

त्या एका वाक्यानं मला गडांचा इतिहास वेगळाच दिसायला लागला. तोवर मी समजत होतो की गड म्हणजे अवघड, आणि तिथं भिणारा माणूस नालायक. पण गड हे राहण्याचं ठिकाण होतं. राजगड सुमारे पाव शतक राजधानी होता. तिथं धान्य जात होतं, म्हातारी माणसं, बाळंतिणी, लेकरं राहत होती. ही सगळी माणसं काय कातळाला लोंबकळत वर गेली असतील? त्यांच्यासाठी रुंद, वळणं घेत चढणारी वाट बांधलेली असे. राजगडाचा पाली दरवाजा तसाच आहे. पायऱ्या ऐसपैस, दरवाजे मोठे. चोर दरवाजा अडचणीच्या वेळेसाठी, मुद्दामच चिंचोळा.

शिवनेरीलाही तसंच. एक वाट सात दरवाजांची, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी. दुसरी साखळीची, कातळात खोदलेल्या खोबण्या आणि साखळी धरून चढायची. गड एकच, पण पहिल्या वाटेनं नातवाला घेऊन आजी जाते, दुसरीवर धडधाकट माणसालाही घाम फुटतो.

काही गडांवर ही सोपी वाट उरलीच नाही. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर पुन्हा कोणी गडांच्या आसऱ्यानं उठू नये म्हणून इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक गडांचे दरवाजे आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. नाशिककडच्या अलंग गडावर आज दोर लावून चढावं लागतं ते पायऱ्या तुटल्या म्हणून. गडाचं अवघडपण सगळंच काही निसर्गाचं नाही. काही बांधणाऱ्यानं ठेवलेलं, काही मोडणाऱ्यानं केलेलं. तेव्हा भिणाऱ्या माणसानं गड निवडताना उंची विचारू नये, वाट विचारावी.

विचारायचं कसं, तेही मी शिकलो. ताक विकणाऱ्या बाईला विचारू नये. ती डोक्यावर चरवी घेऊन कुठूनही चढते. हिरकणीची गोष्ट उगाच नाही झाली. ओझ्याचं जनावर वर जातं का, असं विचारावं. घोडं, गाढव जात असेल तर आपणही जाऊ. वाटेच्या एका अंगाला डोंगर आहे का, की दोन्हीकडं दरी, हे विचारावं. उभ्या माणसाचा तोल डोळे, कान आणि पाय मिळून सांभाळतात. जवळ भिंत, झाड, दगड दिसत असला की डोळ्यांना आधार मिळतो. सगळंच दूर गेलं की डोळे गोंधळतात आणि अंग डुलल्यासारखं होतं. म्हणून डोंगराच्या अंगानं चालावं. उतरताना दरी समोर येते, तेव्हा चढण जमली तरी उतरणीचा विचार आधी करावा. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या आणि सुट्टीची गर्दी दोन्ही टाळावी.

मायला मी आधी लोणारला नेलं. तिथं डोंगर उलटा आहे. उल्का पडून झालेला सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा, आधी उतरायचं आणि मग चढायचं. धारेच्या बाजूनं पायऱ्या आहेत, दोन्हीकडं झाडी आहे, त्यामुळं खोली एकदम अंगावर येत नाही. माय माझा दंड धरून खाली उतरली. वर आल्यावर म्हणाली, "हे तं जमलं."

मग देवगिरी. 1629 साली निजामशाहानं लखुजी जाधवांना मुलांसकट आणि नातवासकट याच किल्ल्यात दगाफटक्यानं मारलं. सिंदखेडच्या माणसाला ही जागा परकी नाही. खालच्या सपाटीवर, चांद मिनारापर्यंत माय भरभर चालली. पण पुढं खंदक आला. उभा तासलेला कडा आणि त्यावरचा पूल. ती थांबली. मी म्हटलं, "चल ना, दहा पावलं." आणि लगेच जीभ चावली. माझ्या मित्रांचाच आवाज माझ्या तोंडून निघाला होता. आम्ही तिथंच भाकरी सोडली. तो कडा शत्रूनं भ्यावं म्हणूनच तासला होता. माय भ्याली तर त्यात तिचं काय चुकलं?

पुढच्या हिवाळ्यात शिवनेरी. सकाळी लवकर निघालो, सात दरवाजांच्या वाटेनं. माय डोंगराच्या अंगानं, मी दरीच्या अंगानं. दर दरवाजात बसायचं, दोन घोट पाणी प्यायचं. ती दरवाजे मोजत होती, गाव मोजत जाणाऱ्या वारकऱ्यासारखी. शिवाई देवीपुढं तिनं नारळ फोडला. वर जन्माच्या इमारतीत पाळण्यासमोर ती किती वेळ उभी होती, मी घड्याळ पाहिलं नाही. लखुजी गेले त्याच्या पुढच्याच फेब्रुवारीत, 19 तारखेला, 1630 साली इथं शिवाजी महाराजांचा जन्म झाला. मायला तारखा ठाऊक नव्हत्या. ती एवढंच म्हणाली, "बाप तिकडं मेला, लेक इकडं बाळंत झाली."

रायगडाला मात्र तिनं खालूनच मान हलवली. पायऱ्या चौदाशेच्या वर. रोपवे आहे 1996 पासून, पण लोंबकळत जाणारा पाळणा पाहून आम्ही दोघंही गप्प. मला वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन गड राहिला.

मग पायथ्याच्या पाचाडला गेलो. तिथं जिजाऊंचा वाडा आहे. गडावरची थंड हवा मानवेना म्हणून महाराजांनी आईसाठी तो खाली बांधला, असं सांगतात. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, 17 जून 1674 ला, जिजाऊ इथंच गेल्या. जवळच समाधी आहे.

माय समाधीजवळ बसली. सिंदखेडहून आणलेल्या मातीची पुडी तिनं पदरातून काढली, हे मला तोवर माहीत नव्हतं. ती माती वाहिली, हात झटकले आणि वर गडाकडं पाहिलं.

"वर नाही जमलं आपल्याच्यानं," मी म्हटलं.

"कायले जायचं वर?" माय म्हणाली. "ते बी शेवटी खालीच राह्यली ना."