निर्यातप्रधान विकास, दक्षिण कोरियातील
कोरियन युद्धानंतर (१९५०–५३) दक्षिण कोरियाची आयात मुख्यत्वे अमेरिकेच्या मदतीवर चाले. ही मदत आटू लागताच परकीय चलनाचा प्रश्न निकडीचा झाला. पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत (१९६१–७९) मे १९६४ मध्ये वॉनचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर १३० वॉनवरून सु. २५५ वॉनवर गेला. निर्यातदारांना कच्च्या मालाची जकातमुक्त आयात व अल्प व्याजाची कर्जे उपलब्ध झाली. निर्यातलक्ष्यांचा आढावा दरमहा खुद्द राष्ट्राध्यक्ष घेत. प्लायवुड, कापड, एवढेच नव्हे तर मानवी केसांचे टोपही परदेशी जाऊ लागले. निर्यातीने १० कोटी डॉलरचा टप्पा १९६४ मध्ये, तर १,००० कोटींचा १९७७ मध्ये गाठला.

हा खुल्या व्यापाराचा विजय होय, असे पुष्कळदा प्रतिपादिले जाते. ते अर्धसत्य आहे. देशांतर्गत बाजारपेठ आयातनिर्बंधांनी दीर्घकाळ बंदिस्तच होती. उद्योगांना संरक्षण मिळे, तथापि निर्यात करून दाखविणाऱ्यांवरच शासनाची मर्जी टिके. या यशाचा भार कमी वेतनावर राबणाऱ्या तरुण स्त्रियांनी वाहिला. ऑगस्ट १९७९ मध्ये केसांचे टोप बनविणारा एक कारखाना बंद झाला, तेव्हा तेथील कामगार स्त्रियांनी सोलमधील विरोधी पक्षाच्या कार्यालयात ठिय्या दिला. पोलिसांनी तो बळाने मोडला. त्यात एका तरुणीचा मृत्यू झाला.