इंटरनेटवरील संभाषण आणि अग्रक्रमाचा प्रश्न

दूरध्वनीच्या व्यवस्थेत मार्ग राखून ठेवणे हे तत्त्व प्रारंभापासून गृहीत धरलेले होते. संभाषण चालू असेपर्यंत दोघांमधील मार्ग सर्वस्वी त्यांचा असे. मग ते बोलोत वा स्तब्ध राहोत. मार्गांची संख्या अमुक असता किती ग्राहकांना विन्मुख व्हावे लागेल, याचे गणित कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील ए. के. एर्लांग यांनी १९०९ व १९१७ मधील निबंधांत मांडले. या पद्धतीतील अपव्यय उघड होता. म्हणूनच १९६० मध्ये अटलांटिक महासागराखालील केबलवर, एकजण बोलता बोलता थांबताच त्याचा मार्ग दुसऱ्याच्या आवाजास देणारी यंत्रणा बसविण्यात आली.

१९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आर्पानेटने मार्ग राखण्याची कल्पनाच सोडून दिली. तेथे मजकुराचे लहान लहान तुकडे, म्हणजे पॅकेटे, केली जात व प्रत्येक पॅकेट वाटेतील रांगांत आपली पाळी येईपर्यंत थांबे. पत्राला हा विलंब बाधत नाही. आवाजाला तो मारक ठरतो. उशिरा पोहोचलेले अक्षर उपयोगी पडते, उशिरा पोहोचलेला उच्चार फुकट जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब १५० सहस्रांश सेकंदांच्या आत असला, तर बहुतेक संभाषणे सुरळीत चालतात.

या अडचणीस प्रथम तोंड दिले ते डॅनी कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी. आर्पानेटच्या वाहिन्या सेकंदाला ५०,००० बिट वाहून नेत; दूरध्वनीच्या प्रचलित अंकीय पद्धतीत मात्र एका आवाजालाच ६४,००० बिट लागत. तेव्हा आवाज आक्रसून घेऊन १९७४ मध्ये या जाळ्यावर संभाषणाचे प्रयोग यशस्वी करण्यात आले. त्यांतून निघालेला निष्कर्ष अधिक महत्त्वाचा होता. हरवलेले पॅकेट पुन्हा मागविण्यापेक्षा ते सोडून पुढे जाणे आवाजाला श्रेयस्कर. १९७८ मध्ये टीसीपी व आयपी या दोन नियमसंहिता विभक्त झाल्या, त्यामागे हा विचार एक प्रमुख कारण होता. १९८० मध्ये यूडीपी ही विनाहमीची संहिता आली व आवाजाला स्वतःची वाट मिळाली.

वाट मिळाली, तरी गर्दीचा प्रश्न उरलाच. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली केंद्र यांच्यामधील वहनाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. दोहोंमधील अंतर अवघे ४०० यार्ड होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये सुचविलेल्या उपायाने जाळे तगले. पॅकेट हरवले की पाठविणाऱ्याने आपला वेग कमी करावा, असा तो उपाय होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पॅकेट हरवते ते रांग भरून वाहू लागल्यावर. म्हणजे मजकुराला शिस्त लागली ती रांग भरल्यानंतर, आणि त्या भरलेल्या रांगेत आवाजही अडकून पडला.

सेकंदाला १,२८,००० बिटांच्या वाहिनीवर १,५०० बाइटांचे एक पॅकेट पुढे सरकण्यास सुमारे ९४ सहस्रांश सेकंद लागतात. अशी दोन पॅकेटे पुढे असली, की १५० ची मर्यादा ओलांडली जाते. वस्तुतः जी.७२९ पद्धतीने आक्रसलेला आवाज, शीर्षकांचा भार धरूनही, सेकंदाला सुमारे २४,००० बिटच मागतो. तेव्हा उणीव बँडविड्थची नसून क्रमाची होती.

यावर दोन मार्ग निघाले. १९९४ मध्ये मांडलेल्या व १९९७ च्या आरएसव्हीपी संहितेने साकार झालेल्या योजनेत प्रत्येक संभाषणासाठी वाटेतील प्रत्येक राउटरवर क्षमता राखावयाची होती. जुन्या दूरध्वनीचेच तत्त्व नव्या वेषात परतले होते. परंतु लक्षावधी संभाषणांची नोंद ठेवणे मध्यवर्ती राउटरांना झेपणारे नव्हते. डिसेंबर १९९८ च्या दुसऱ्या योजनेने पॅकेटाच्या शीर्षातील सहा बिटांत वर्गाची खूण ठेवली. आवाजाच्या वर्गाला अग्रक्रम मिळाला, पण मोजून. प्रवेशद्वाराशी त्या वर्गावर मर्यादा घालणे अपरिहार्य होते, कारण सर्वच पहिले झाले म्हणजे कोणीच पहिला राहत नाही.

पुढे स्मृतिसाठे स्वस्त झाले व घरोघरच्या उपकरणांत रांगा अवास्तव लांबल्या. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हा दोष उघड केला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनी, पॅकेट रांगेत किती काळ थांबले हे पाहून रांग आखूड ठेवणारी कोडेल पद्धती मांडली.

अग्रक्रम देणाऱ्याच्या हाती सत्ता येते, हे या इतिहासाचे दुसरे अंग होय. जी खूण संभाषण वाचविते, तीच प्रतिस्पर्ध्याचे संभाषण बिघडविण्यासही वापरता येते. भारतात इंटरनेट दूरध्वनीस मर्यादित अनुमती १ एप्रिल २००२ पासून मिळाली. पुढे २०१६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून निरनिराळे दर आकारण्यास मनाई केली, आणि २०१८ मध्ये केंद्र शासनाने समान वागणुकीचे तत्त्व स्वीकारताना वाजवी वाहतूक-व्यवस्थापनास वाव ठेवला. सेवेच्या स्वरूपावरून दिलेला अग्रक्रम आणि सेवेच्या मालकावरून दिलेला अग्रक्रम यांतील हा भेद तांत्रिक दिसला, तरी मूलतः न्यायाचा आहे. वाहिन्या कितीही रुंद झाल्या, तरी जेथे रांग आहे तेथे हा भेद करावाच लागेल.